आमचा नेम

चाळिशी उलटली म्हणजे माणसाला स्वतःच्या देहाकडून दोन नोटिसा येतात, असा आमचा अनुभव आहे. पहिली डोळ्यांची. हातातील कागद हळूहळू दूर जाऊ लागतो आणि अखेर हात अपुरा पडतो. तिला चष्म्याने उत्तर देता येते. दुसरी नोटीस आम्हांवर गेल्या वर्षी भर न्यायालयात बजावली गेली. साक्षीदारास दाखविण्यासाठी आम्ही एका खरेदीखताची प्रत पुढे केली, तो तो कागद वाऱ्यावाचून फडफडू लागला. पंखा बंद होता. साक्षीदार कागदाकडे न पाहता आमच्या हाताकडे पाहू लागला. उलटतपासणीत ज्याने घाबरावे तो निर्धास्त, आणि ज्याने घाबरवावे त्याचा हात कापतो आहे, असा तो देखावा होता.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. साक्षीदार हातचा गेला याचे दुःख नव्हते. तसे ते नेहमीच जातात. परंतु तो कापरा हात आमच्या ओळखीचा होता. आमच्या वडिलांचा हात पन्नाशीनंतर असाच कापत असे. तीर्थ घेताना ते डाव्या हाताने उजवे मनगट धरीत. पुढे पुढे सही जमेना, म्हणून एका कागदावर त्यांना अंगठा उठवावा लागला. पदवीधर माणसाचा तो निळा अंगठा आम्ही शेजारी उभे राहून पाहिला आहे. ज्याची उपजीविकाच सहीवर चालते, त्याने असा अंगठा आठवला म्हणजे झोप कशी यावी?

डॉक्टरांनी तपासले. हा कुळातून चालत येणारा कंप आहे, जिवावरचा नाही. औषधाने कमी होतो, समूळ जात नाही, असे सांगून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या आम्ही घेऊ लागलो. चहाची बशी मात्र वाजतच राहिली.

आमचे बिऱ्हाड कामरेजला आहे. सुरतेजवळचे तापीकाठचे हे गाव बडोदे संस्थानच्या काळी नवसारी प्रांतातील एक महाल होते, म्हणजे गायकवाडीच्या कारभारात येथवर मराठी अंमलदारांची ये-जा होती. आज या नावाने लोकांना आठवतो तो महामार्गावरचा चौक आणि तेथील मोटारींचा अखंड गजर. अशा गावी आम्ही मूळचे गोव्याचे, आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर साताऱ्याकडचे एक वृद्ध सुभेदार. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन ते मुलाकडे राहतात. एके संध्याकाळी त्यांनी आमची बशी वाजताना ऐकली. ऐकून घेतली, चहा संपविला आणि जाताना म्हणाले, "वकीलसाहेब, उद्या पहाटे गच्चीवर या. पोट रिकामं ठेवा."

गच्चीवर सतरंजी अंथरलेली होती आणि तीवर त्यांच्या नातवाची हवेची बंदूक ठेवलेली होती. नातू शाळेतर्फे नेमबाजीच्या स्पर्धांना जातो. आम्ही प्रथम शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम यांविषयी पृच्छा केली. सुभेदार शांतपणे म्हणाले, "कायदा तुम्ही बघा. पंधरा दिवस आपण छर्रा घालणारच नाही." आणि खरोखर, पंधरा दिवस आम्ही रिकाम्या बंदुकीने समोरच्या भिंतीवरील एका काळ्या ठिपक्यावर नेम धरीत पालथे पडून होतो. त्या काळात एका सद्गृहस्थांनी वाळत घातलेले कपडे काढता काढता आमच्या प्रकृतीची विचारपूस केली, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

बंदूक डोळ्याने आणि बोटाने चालते, अशी आमची समजूत होती. सुभेदारांनी ती पहिल्याच दिवशी मोडली. त्यांच्या मते बंदूक चालते हाडांनी. स्नायू थकतो आणि थकला की थरथरतो. हाड थकत नाही. म्हणून पालथे पडल्यावर डावे कोपर जवळजवळ बंदुकीच्या खाली आणायचे, दंडाला बांधलेल्या पट्ट्याने भार पेलायचा आणि डावा पंजा सैल ठेवायचा. जणू त्यावर बंदूक कोणी विसरून गेले आहे. देह नळीच्या रेषेला किंचित तिरपा. उजवा गुडघा थोडा वर ओढून घ्यायचा. त्यामुळे पोट जमिनीवरून सुटते, श्वास मोकळा होतो आणि हृदयाचे ठोके बंदुकीपर्यंत कमी पोहोचतात. दस्ता प्रत्येक वेळी खांद्याच्या त्याच खळग्यात, गाल प्रत्येक वेळी त्याच जागी. "गाल हलला की डोळा हलला, डोळा हलला की गोळी गेली," असा त्यांचा पाठ.

पण खरी गोष्ट पुढेच होती. एके दिवशी ठिपक्यावर माशी बरोबर बसली आहे असे आम्ही सांगताच ते म्हणाले, "आता डोळे मिटा. दोन श्वास घ्या. उघडा." उघडून पाहतो तो माशी ठिपक्याच्या डावीकडे वीतभर सरकलेली! आम्ही झटकन मनगटाने ती पुन्हा जागेवर आणली. सुभेदारांनी आमच्या पाठीवर हलकेच हात ठेवला. "बंदूक ढकलू नका साहेब. ढकलून आणलेली बंदूक चाप ओढताना परत आपल्या जागी पळते. डावं कोपर जागेवर ठेवा आणि पोट सरकवा. देहच असा वळवा, की डोळे उघडल्यावर बंदूक आपोआप तिथंच असेल." आम्ही इंचभर सरकलो, डोळे मिटले, उघडले. पुन्हा सरकलो. चौथ्या खेपेस माशी ठिपक्यावर होती. आम्ही तिला धरून ठेवले नव्हते, ती तेथे राहात होती.

ही काटेकोर मांडणी दहा मीटरांवर चैनीची वाटेल. परंतु अंतर वाढते तसा देहाचा प्रत्येक दोष वाढतो. पुढची माशी आणि मागची खाच यांत पाऊण मीटर अंतर धरले, तर त्यांच्या जुळणीतील एका मिलिमीटरची चूक ५० मीटरांवर जवळजवळ ६७ मिलिमीटरांची होते आणि ३०० मीटरांवर ४० सेंटिमीटरांची. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ३०० मीटरांच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ असते अवघ्या १० सेंटिमीटर व्यासाचे. बंदूक एका अंगाला कलली तरी तेच. गोळी वाटेत खाली येते म्हणून नळी मुळातच किंचित वर रोखलेली असते. बंदूक कलली की ती उंची अंशतः बाजूला वळते आणि गोळी कललेल्या अंगाला व खाली जाते. हजार यार्डांवर तर गोळी सुमारे दीड सेकंद वाटेवर असते. म्हणूनच या विद्येने देह ठेवण्याचे नाना प्रकार करून पाहिले. १८७४ साली न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे अमेरिकन आणि आयरिश नेमबाजांचा ८००, ९०० व १००० यार्डांवर प्रसिद्ध सामना झाला आणि अमेरिकनांनी तो ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला. त्या काळचे काही नेमबाज पाय लक्ष्याकडे करून चक्क उताणे पडत आणि पायांवर नळी टेकून बार काढीत. आमच्या गच्चीवरील सद्गृहस्थांनी ते पाहिले असते तर रुग्णवाहिकाच बोलावली असती.

धीर करून आम्ही विचारले, "सुभेदारसाहेब, हे सारे स्थिर हाताच्या माणसासाठी. आमचा हात तर कापतो." ते हसले. "स्थिर हात कुणाचा असतो? सैन्यात तीनशे मीटरवर पडलो तेव्हा माझीही माशी हलत होती. सगळ्यांची हलते. जो ती थांबायची वाट पाहतो तो श्वास कोंडून बसतो, मग डोळ्यांपुढं धुरकट होतं आणि शेवटी चाप हिसकतो. हलू द्या. लहान हलते की मोठी, एवढंच देहानं ठरवायचं." श्वास सोडल्यावर जो सहज विराम येतो त्यात सात-आठ सेकंदांच्या आत चाप दाबायचा, तेवढ्यात जमले नाही तर बोट काढून घ्यायचे आणि पुन्हा आरंभ. बार झाल्यावरही क्षणभर तसेच पडून राहायचे.

कंपावरची आमची गोळी नेमबाजांना वर्ज्य आहे, ही गंमत आम्हांला पुढे कळली. हृदयाचा ठोका आणि हाताचा कंप मंदावणारी ती औषधे या खेळात उत्तेजक द्रव्यांच्या यादीत मोडतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन पदके त्याच कारणाने काढून घेण्यात आली. आम्ही गोळी घेतोच. ऑलिंपिकला जाण्याचा आमचा विचार नाही. पण जगातील उत्तमोत्तम नेमबाजांनाही हात कापण्याची धास्ती असते, हे कळून आमच्या मनावरचे ओझे थोडे उतरले.

यात कोल्हापूरकडची मंडळी आपल्याला अभिमान वाटावा अशी आहेत. तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटरांवर पडून नेम धरीत ६०० पैकी ५९७ गुण मिळविले आणि सुवर्णपदक आणले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५१.४ नव्हे, तर एकूण ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतले, तेही ५० मीटरांच्या त्रिविध प्रकारात: गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने. पहिले दोन प्रकार संपले तेव्हा तो पाचवा होता. उभ्याने नेम धरताना तो वर आला. लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे.

उभ्याचा प्रकार सर्वांत अवघड. तेथे कोपराला जमीन नाही. तो धडा आम्हांला श्रावणाच्या अखेरीस मिळाला. सुभेदारांनी आमचे पाय खांद्यांएवढे फाकवले, कंबर किंचित पुढे काढली, पाठ मागे कलवली आणि डावे कोपर उचलून कमरेच्या हाडावर टेकवले. "आता बंदूक हातात नाही, कमरेवर आहे. नेम डावी-उजवीकडे न्यायचा तर हात नाही हलवायचा. पायापासून सगळं अंग वळवायचं."

आम्ही तसे उभे राहिलो, आणि बंदूक खाली ठेवली. सुभेदारांना वाटले, आम्ही थकलो.

आमच्या घरी चवथीला आरती वडीलच करीत. पितळेची जड पंचारती, पाच वाती. ते पाय रोवून, कंबर पुढे काढून उभे राहात आणि उजवे कोपर कमरेवर टेकवीत. ओवाळताना हात फिरत नसे. सारे अंगच कमरेतून संथ डोलत असे. आम्ही मुले मागे उभे राहून हसत असू. एकदा तर आम्ही त्यांना ऐकवलेही होते, की देवापुढे असे कमरेला हात लावून उभे राहणे बरे दिसत नाही. ते रागावले नाहीत. ज्योतींकडे पाहात एवढेच म्हणाले, "हात कांपता रे, दिवो पालवना मू!" आम्ही त्यांस आळस समजलो होतो, थोडा अनादरही समजलो होतो. ज्यास शिकविणारा कोणी सुभेदार भेटला नाही, त्या माणसाने देवापुढे उभे राहून ही विद्या एकट्याने शोधून काढली होती, हे समजावयास आम्हांला एवढी वर्षे आणि परक्याची बंदूक लागली.

मराठीत लक्ष्य साधण्यालाही नेम म्हणतात आणि देवापुढे रोज न चुकता करावयाच्या गोष्टीलाही. दोन्ही शब्द एकच कसे, याचा विचार आम्ही पूर्वी केला नव्हता.

त्या चवथीला कामरेजच्या घरी पंचारती आम्ही घेतली. पाय रोवले, कोपर कमरेवर टेकवले, श्वास सोडला. ज्योती हलत होत्या, त्या हलणारच. मागून आमची मुले खुदकन हसली. आईने मात्र टाळ्या थांबविल्या आणि हळूच म्हटले, "थेट बापायभशेन उबो रावला."

आम्ही मागे वळून पाहिले नाही. आरती पूर्ण होईपर्यंत पाचही वाती तेवत होत्या.