विंचू की पोलो

2016 चा जानेवारी. उसाचा हंगाम भरात होता. शिरोली एमआयडीसीतून सांगली फाट्याकडे निघालं की पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ठरलेलाच. अशाच एका ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत असताना माझ्या अकरा वर्षं जुन्या गाडीचा क्लच गेला. गाडी ढकलून सर्व्हिस रोडला लावली, बॉनेटवर हात टेकून उभा राहिलो आणि मनाशी ठरवून टाकलं, आता नवी घ्यायची. घ्यायची ती मनासारखीच. बेचाळीस वर्षांचा झालो होतो, शेडचं कर्ज नुकतंच फिटलं होतं. आणखी किती वर्षं थांबणार?

माझी शिरोलीत छोटी फाउंड्री आहे. ग्रे आयर्न, म्हणजे बीड, ओततो. पंपाच्या बॉड्या, ट्रॅक्टरची कव्हरं, फ्लायव्हील. वडील उद्यमनगरात पॅटर्न बनवायचे. लाकडाच्या ठोकळ्यातून इंजिनाच्या भागाचा हुबेहूब नमुना निघताना मी त्यांच्या पायाशी बसून पाहिलाय. त्या उद्यमनगरानं कोल्हापूरला यंत्राचं वेड लावलं. या गावात मोटारीवर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. चहाच्या टपरीवर कोणीही तुम्हाला कॅम्बरचा कोन सांगेल. मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या, इथला ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यतींत धावला, पुढे 2018 मध्ये कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला. अशा गावात राहून छोटी, चपळ गाडी हवीशी वाटणं यात नवल काही नव्हतं.

मनात दोनच गाड्या होत्या. एक फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, दुसरी फियाटची अबार्थ पुंटो. दोन्ही आपल्याच मातीत तयार होणाऱ्या, याचं मला फार अप्रूप होतं. पोलो चाकणची, पुंटो रांजणगावची. नावं जर्मन आणि इटालियन, पण जोडणारे हात पुणे जिल्ह्यातले.

पोलो जीटी टीएसआय 2013 साली आली तेव्हा दिल्लीची शोरूम किंमत 7 लाख 99 हजार होती. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस, आणि सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलतो. अबार्थ पुंटो ऑक्टोबर 2015 मध्ये आली, 9 लाख 95 हजारांना. 1.4 लिटर टर्बो, 145 बीएचपी, पाच गिअर, तेही हातानं टाकायचे. चारही चाकांना डिस्क ब्रेक. अबार्थचा संस्थापक कार्लो अबार्थ याची रास वृश्चिक, म्हणून 1949 पासून या गाड्यांवर विंचवाचं चिन्ह असतं. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे शून्यापासून शंभरला पुंटो 8.8 सेकंदांत पोचायची, पोलो 9.7 सेकंदांत. हे आकडे मला तोंडपाठ झाले होते. रात्री झोपतानाही डोक्यात तेच.

वडिलांना दोन्ही गाड्यांचे कागद दाखवले. त्यांनी आयुष्यात एकच गाडी मनापासून चालवली, प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाटच ती. त्यामुळे पुंटोच्या कागदावर फियाट हे नाव वाचताना त्यांचा चेहरा खुलला. पण विचारलं एवढंच,

"ब्लॉक कसला हाय?"

"पुंटोचा बीडाचा, आबा. पोलोचा ॲल्युमिनियमचा. आत लायनर मात्र बीडाचे."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे पिस्टन घासतो तिथं दोन्हीकडं बीडच की."

मला वाटलं होतं, आबा बीडाच्या बाजूनं उभे राहतील आणि माझं काम सोपं होईल. पण कारागीर असाच पाहतो. बाहेरून काय आहे ते त्याला दिसत नाही, घर्षण कुठं आहे ते दिसतं.

पोलो चालवायला मिळाली ती आमच्याच गेटवर. शोरूमचा मुलगा गाडी घेऊन आला, मी स्टिअरिंगवर बसलो. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर लोखंडाचे तुकडे, सांडलेली काळी वाळू आणि कुणी कुणी आपापल्या दारात घातलेले उंच गतिरोधक. पोलो त्यांवरून अलगद उतरली. महामार्गाला लागलो, नागाव फाटा मागे टाकला आणि किणी टोलनाक्याच्या अलीकडून वळून परत आलो. दीड हजार फेऱ्यांपासूनच 175 न्यूटन मीटरचा जोर हातात येतो म्हणतात, तो अंगाला जाणवला. ट्रॅक्टरमागून बाहेर निघताना नुसता अंगठा दाबल्यासारखा पाय टेकवला आणि गाडी गेली. गिअर कधी पडला, मला कळलंच नाही. मुलगा मागून म्हणाला, "सर, पाचवा पण टाकला तिनं." मी मनात म्हटलं, मी काय केलं मग?

अबार्थ माझ्या इचलकरंजीच्या मित्रानं नोव्हेंबरातच घेतली होती. सुताचा व्यापारी, पण रक्तात पेट्रोल. तो रविवारी सकाळी सहाला शिरोलीत आला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "पन्हाळ्याला जाऊन येऊ. बोलू नको, चालव."

आमच्या गेटसमोरच्या गतिरोधकावर गाडी तिरकी घालून न्यावी लागली. खालची मोकळीक 155 मिलिमीटर, आणि तो गतिरोधक घालणाऱ्यानं कसलाच हिशेब केलेला नव्हता. केर्लीपर्यंत मी जपूनच होतो. वाघबीळच्या पुढे घाट सुरू झाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. दोन हजार फेऱ्यांपर्यंत गाडी श्वास धरून होती, मग टर्बो भरला आणि 212 न्यूटन मीटरनं पाठ सीटला चिकटली. पुढची चाकं हातात ओढ देत होती. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळत होता. कास्टिंगवर हातोडी मारली की आवाजावरून तडा कळतो, तसं काहीतरी. नीट कास्टिंग घंटेसारखं वाजतं, तडकलेलं ठस्स. माझं आयुष्य त्या आवाजावर गेलंय. आणि इथे एक गाडी हाताला सगळं सांगत होती.

वळणाआधी ब्रेक, क्लच, खालचा गिअर, पाय हलवून ॲक्सिलरेटरला टोला. एक वळण बरोबर जमलं की पुढचं बोलावतं. पन्हाळ्यावर तीन दरवाज्यापाशी उतरलो तेव्हा माझी बोटं थरथरत होती. ब्रेकच्या डिस्ककडे मी वाकून पाहत राहिलो. आजही डिस्क ग्रे आयर्नचीच करतात. कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे ती उष्णता लवकर वाहून नेते आणि थरथर गिळते. स्टीलला ते जमत नाही. आपण रोज ओततो त्याच धातूनं मला आत्ता घाटात थांबवलं, या विचारानं ऊर भरून आला.

घरी येऊन सांगितलं, पुंटो. बायकोनं शांतपणे विचारलं, "आणि वळणात माप चुकलं तर?"

मी उत्तर टाळलं. कारण उत्तर मला ठाऊक होतं. पोलो जीटीत ईएसपी होतं. चाक घसरायला लागलं की गाडी एकेका चाकाला स्वतःच ब्रेक लावून सावरते. पुंटोत ते नव्हतं, एबीएस होतं. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपनं पोलोची टक्कर चाचणी घेतली, तेव्हा दोन एअरबॅगच्या पोलोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते. हे सगळं मीच तिला आदल्या आठवड्यात वाचून दाखवलं होतं.

"महिन्यातनं तीनदा चाकणला जाता तुम्ही," ती म्हणाली. "पहाटे निघता, मीटिंगा करता, रात्री खंबाटकी उतरून एकला घरी येता. पन्हाळ्याला किती वेळा जाता?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. तरीही मी ऐकायला तयार नव्हतो. आठ दिवस दोघंही घुम्म. मला खरंच वाटत होतं की आयुष्यभर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे, दुसऱ्यांच्या टॉलरन्समध्ये काम केलं, आता एक गोष्ट तरी माझ्या हातानं चालवू दे.

मग ती रात्र आली. दुसरी पाळी. पातळ भिंतीच्या कव्हरांचे साचे जमिनीवर मांडून तयार. भट्टीवर मामा होते. त्यांना सगळे मामाच म्हणतात. तीस वर्षं बीड वितळवलेला माणूस. कपोला भट्टीच्या काळापासूनचा. इंडक्शन भट्टी आल्यावरही ते धातूच्या रंगावरून तापमान सांगायचे आणि दहापैकी नऊ वेळा त्यांचं बरोबर यायचं. चार वर्षांपूर्वी मी पायरोमीटर आणला तेव्हा त्यांचा मान गेल्यासारखं झालं होतं. पण नियम मी केला होता: लॅडलमधल्या रसात पायरोमीटरची टिप बुडवल्याशिवाय ओतायचं नाही. त्या एका नियमानं आमचा रिजेक्शनचा ढीग निम्म्याहून खाली आला. आणि गिऱ्हाइकाच्या दारात मान खाली घालून उभं राहणं थांबलं.

लॅडल भरला. मामांनी काळा चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, म्हणाले, "चालतंय. ओता."

पोरानं सवयीनं टिप बुडवली. 1352. आम्हाला 1390 च्या खाली ओतायचं नव्हतं. एवढ्या पातळ भिंतीत धातू मध्येच थिजला असता, दोन्हीकडून येणारी धार जुळली नसती, कोल्ड शट आला असता. सगळे माझ्याकडे बघत होते. मामा स्वतःच पुढे आले, पोराला म्हणाले, "परत भट्टीत घाल." मग पाठ भिंतीला टेकून खाली बसले. दिवसभर शेतात ऊसतोड बघून ते पाळीवर आले होते, हे मला नंतर कळलं.

मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मामा, तुमचा डोळा एरवी चुकत नाही."

"चुकत न्हाई, पर थकतोय की, साहेब," ते म्हणाले. "मीटरला काय थकवा? सकाळी बी तेवढाच, आता बी तेवढाच."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हार नव्हती. तीस वर्षं काम केलेल्या माणसानं स्वतःचं मोजमाप तटस्थपणे सांगावं तसं सांगितलं. दहा मिनिटांनी टिप 1396 दाखवत होती. मामांनीच लॅडल हलवला, एका हिसक्यानं, थेंब न सांडता. हात तोच होता, तेवढाच सुंदर. मीटरनं त्यांचा हात काढून घेतला नव्हता.

दीड वाजता घरी निघालो. डोळे जड झालेले. शिरोलीच्या पुलावर पंचगंगेवरून धुकं वर येत होतं. एका बैलगाडीला मागे दिवा नव्हता, ती मला उशिरा दिसली. फार उशिरा नाही, पण दुपारी दिसली असती त्याहून उशिरा. मी वेळेत ब्रेक दाबला आणि काहीही झालं नाही. पण पूल ओलांडेपर्यंत ठरलं होतं. माणसाला टिप बुडवल्याशिवाय ओतू देत नाही मी, मग घरी येताना बायकोपोरांना कुठल्या भरवशावर बसवणार?

दुसऱ्या दिवशी पोलोचं बुकिंग केलं. पांढरी. इचलकरंजीला फोन लावला. मित्र क्षणभर थांबला, म्हणाला, "बरोबर केलंस." मग हळूच, "वाईट वाटलं ना?"

"लई," मी म्हटलं.

पोलोनं मला सात वर्षं चाकणला नेलं-आणलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं, वाहतूक बंद पडली, तेव्हा ती शेडच्या उंच रॅम्पवर ओतकामाच्या साच्यांशेजारी उभी होती. त्याच वर्षी फियाटच्या गाड्यांची विक्री देशात थांबली. 2022 मध्ये चाकणमधलं पोलोचं उत्पादनही थांबलं. दोन्ही गाड्यांची नावं आता जुन्यांच्या यादीत गेली.

मित्रानं पुंटो विकली नाही. दर वर्षी हंगाम संपला, रस्त्यावरच्या ट्रॉल्या कमी झाल्या की एका रविवारी तो शिरोलीत येतो. वाघबीळला आम्ही किल्ल्या बदलतो. यंदा तिसऱ्या वळणाला मी गिअर उशिरा टाकला. इंजिन ओझ्याखाली कण्हलं, टर्बो सुटला, गाडी एकदम ढिली पडली. मागच्या पोलोतून त्याचा हॉर्न ऐकू आला. पुढच्या वळणाआधी मी थोडा लवकर ब्रेक दाबला, क्लच, दुसरा गिअर, टाचेनं टोला. सुई बरोबर तीन हजारांवर आली आणि पुढची चाकं हातात ओढ देऊ लागली.