इंजिनाचा श्वास

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण शाळेत असताना आम्ही कितीतरी निबंधांत लिहिली. परंतु तिचा अर्थ आम्हांस शिकविला तो एका जुन्या जीपगाडीने.

आमचे वडील मानवतच्या बाजारात कापसाची अडत करीत. त्यांच्यापाशी चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी जीप होती. ही गाडी मूळची अमेरिकेतील विलीस कंपनीची. 1947 साली महिंद्र मंडळींनी ती आपल्या देशात जुळविण्यास आरंभ केला. तिच्या इंजिनाचा इतिहास बोधप्रद आहे. पूर्वी त्याचा जोर 48 अश्वशक्ती होता. 1938 साली विलीसमध्ये आलेल्या डेल्मर रूस या इंजिनिअराने त्याचे एकेक अंग सुधारून तो 60 वर नेला.

एवढा धीर आम्हांस कोठला? कॉलेजच्या सुटीत घरी येताच आम्ही मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर बसविला, सायलेन्सर काढला व रुंद सरळ नळी जोडली. गाडी गर्जू लागली. आम्ही धन्य झालो. वडील एवढेच म्हणाले, “अरे, आवाज तर वाढला, जोर वाढला का, ते ओझे घातल्यावर पाहा.”

तो प्रसंग लवकरच आला. एका रात्री आजीस दम लागला. तिला घेऊन आम्ही परभणीस निघालो. मानवत रोड स्टेशन मागे टाकतो न टाकतो तोच इंजिन फटफट वाजू लागले, पाणी उकळले आणि गाडी थांबली. अंधारात आजीचा श्वास मोजीत आम्ही उभे होतो. देवमाणसासारखा एक मालट्रकवाला आला व त्याने तिला दवाखान्यात पोचविले. आजी वाचली, परंतु तो अर्धा तास आम्ही विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मिस्तरींनी प्लग काढून दाखविला. तो पांढराफटक पडला होता. ते म्हणाले, “मालक, तोंड मोठे केले, पण जेट जुनेच ठेवले. हवा फार, पेट्रोल थोडे; मग इंजिन तापणारच.” एक भार पेट्रोलास सुमारे 15 भार हवा लागते. हवा याहून फार झाली की इंजिन तापते व धूर सोडणारी झडप जळू लागते. शिवाय अतिमोठ्या तोंडातून मंद गतीत हवा सावकाश वाहते, व पेट्रोलाचे तुषार नीट होत नाहीत. नळीचा सांधाही सैल होता. त्यातून हवा शिरून ते फटाके वाजत होते. सायलेन्सर काढणे तर शेजाऱ्यांस उपद्रव आणि कायद्याचाही भंग.

मग मिस्तरींच्या हाताखाली आम्ही इंजिनास साजेल असा कार्ब्युरेटर निवडला, योग्य जेट घातले, फ्लोटची पातळी साधली, नवे गास्केट लावले, व किंचित रुंद नळीस सायलेन्सर पुन्हा जोडला. आठ दिवसांनी प्लग पाहिला, तो फिकट तपकिरी! गाडी आता गर्जत नव्हती. पण भरलेल्या ओझ्यानिशी न कुरकुरता चाले. तिच्यातूनच आम्ही आजीस घरी आणले.

विद्यार्थिमित्रहो, सुधारणा अवश्य करा. मात्र श्वास आत घेण्याची व बाहेर सोडण्याची वाट मोठी करण्यापूर्वी मधले इंजिन केवढे आहे ते आधी मोजा. आणि दुसऱ्याचा जीव ज्या गाडीवर अवलंबून, तिची परीक्षा दिवसाउजेडी, एकट्याने घ्या.