विरोधकांच्या दप्तरात

सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्मात मतं पुष्कळ होती. त्यांतली काही टिकली, बरीचशी गेली. गेलेल्यांचं काय उरलं आणि ते कुणी सांभाळलं, याची ही नोंदवही.

पोसायडन
कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्राँझची छोटी मूर्ती आहे, सागरदेव पोसायडनची. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडली. सातवाहनकाळी व्यापाऱ्यांबरोबर घाट चढून आली असणार. त्याच शतकांत भूमध्य समुद्राकाठी येशूविषयीची कोणती पुस्तकं खरी धरायची, यावर वाद रंगले होते. मूर्ती आहे, भक्त राहिले नाहीत. या यादीत मातीने राखलेली वस्तू म्हणजे ही आणि पुढचा एक रांजण.

मार्सियनची पोथी
मार्सियन हा काळ्या समुद्राकाठच्या सिनोपचा जहाजमालक. त्याच्या मते जुन्या कराराचा न्यायी देव वेगळा आणि येशूचा दयाळू पिता वेगळा. त्याने लूकचं शुभवर्तमान काटछाट करून घेतलं, पौलाची दहा पत्रं जोडली, बाकी सगळं बाहेर काढलं. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला काढून टाकलं आणि त्याने दिलेली 2 लाख सेस्टर्सची देणगीही परत केली. त्याच्या पोथीची एकही प्रत उरलेली नाही. ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने तिच्या खंडनासाठी पाच ग्रंथ लिहिले. आज अभ्यासक मुख्यतः त्यांतून मूळ पोथी ओळ-ओळ जुळवतात.

एबियोनींचं शुभवर्तमान
एबियोनी मोशेचं नियमशास्त्र पाळत, येशूला मसीहा मानत, पण माणूस म्हणून. पौल त्यांना मान्य नव्हता. चौथ्या शतकात बिशप एपिफॅनियसने पाखंडांवर औषधाची पेटी म्हणून जाडजूड ग्रंथ रचला. एबियोनींच्या पुस्तकातले मोजके उतारे त्या पेटीत शिल्लक आहेत.

एरियसची गाणी
पुत्राला आरंभ आहे, तो पित्याच्या बरोबरीचा नाही, हे एरियसचं म्हणणं. ते लोकांच्या तोंडी बसावं म्हणून त्याने पद्यात बांधलं. खलाशांसाठी, जात्यावरच्या माणसांसाठीही गाणी केली, असं सांगतात. 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेने त्याला दोषी ठरवलं. कॉन्स्टंटाईनने त्याचे ग्रंथ जाळायचा हुकूम काढला, लपवणाऱ्याला देहदंड. धर्माच्या वादात दरबार उतरला की काय होतं, हे छत्रपतींच्या घरच्या वैदिक विधींवरून पेटलेलं वेदोक्त प्रकरण पाहिलेल्या कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. गाण्यांचे तुकडे उरले ते अथानासियसच्या लिखाणात, म्हणजे कट्टर शत्रूकडे.

एरियसची बाजू जिंकली असती तर काय, यासाठी कल्पनेची गरजही नाही. पुढच्याच पिढीत एरियसच्या बाजूला झुकलेला कॉन्स्टँटियस सम्राट झाला आणि अथानासियसला पुन्हा पुन्हा हद्दपारी भोगावी लागली. ज्या पोर्तुगालने गोव्यात चर्च आणलं, त्या भूमीवरही एके काळी एरियसपंथी राजांचं राज्य होतं. ते टिकतं, तर गोव्यात आलेला धर्मही निराळा असता.

नाग हम्मादीचा रांजण
डिसेंबर 1945. इजिप्तमध्ये शेतकऱ्यांना जमिनीत एक रांजण लागला. आत चामड्याच्या वेष्टनातल्या जुन्या वह्या, त्यांत थोमाचं शुभवर्तमान. याच सुमारास इकडे डेक्कन कॉलेजचे लोक ब्रह्मपुरी खणत होते. रांजण सापडण्याआधी ज्ञानवादी (ग्नॉस्टिक) पंथांची माहिती मुख्यतः इरिनियससारख्या टीकाकारांकडूनच मिळायची. रांजण फुटला आणि प्रतिवादी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने बोलले.

कल्याणचा बिशप
सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं, की कॅलियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. हे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे रोम आणि कॉन्स्टँटिनोपलने बाहेर ठेवलेली पूर्वेकडची नेस्टोरियन परंपरा कोकणात उतरली होती. पृथ्वी सपाट आहे, हे सिद्ध करायला निघालेल्या त्याच्या पुस्तकाची पुढे टिंगल झाली. बिशपची नोंद मात्र त्यातच आहे.

ठाण्यातलं एक घर
1321. चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात एका नेस्टोरियन कुटुंबाकडे उतरले. नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने तिला मारलं. ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून घरी उतरलेल्या पाहुण्यांची नावं दिली. चौकशी धर्माच्या प्रश्नांवर घसरली आणि चौघेही मारले गेले. ही हकिकत लिहिली फ्रान्सिस्कन ओडोरिकने. त्याच्या लेखी नेस्टोरियन पाखंडीच. तरी ठाण्यातल्या त्या घराचा, त्यातल्या मारहाणीसकट, ठावठिकाणा त्याच्यामुळे लागतो.

उदयंपेरूरची पुस्तकं
1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस केरळात गेले आणि उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. संत थोमाचा वारसा सांगणाऱ्या तिथल्या ख्रिस्ती लोकांनी आपली सुरियानी पुस्तकं तपासणीला आणून द्यावीत, असं ठरलं. काही दुरुस्त झाली, काही जाळली गेली. कोणती चुकीची, त्याची यादी सभेच्या ठरावात नावानिशी आहे. जाळणाऱ्यांनी पावती ठेवली.

वाइल्डरचा वाद
अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. शाळा चालवायच्या की नुसता उपदेश करायचा, यावर त्यांचं अमेरिकेतल्या मिशन बोर्डाशी बिनसलं. त्यांनी 1861 मध्ये पुस्तक छापून बाजू मांडली, मग कोल्हापुरात स्वतंत्रपणे काम केलं. 1870 मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्याच सुमारास अँग्लिकन मिशनही शहरात आलं. एकाकडे वडील मंडळी, दुसऱ्याकडे बिशप. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरा एकत्र आल्या आणि बाळाचा बाप्तिस्मा व जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य ठरल्या. ज्या मुद्द्यांवर युरोपात माणसं मेली, ते इथे समितीच्या बैठकांत मिटले.

रमाबाईंच्या शंका
पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पण त्रैक्य, अथानासियसच्या नावावरचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार, या सगळ्यांवर त्यांनी शंका काढल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन पत्रांतून त्यांना दटावत राहिल्या आणि रमाबाई उत्तरं देत राहिल्या. नायसियात मिटलेला म्हटला जाणारा वाद साडेपंधराशे वर्षांनी एका मराठी बाईने नव्याने उकरला. ती पत्रं जुळवून ठेवली जेराल्डिनबाईंनीच. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली.

देवाचा दरबार
नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार उभारला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. येशू हवा, पण पाश्चात्त्य चर्चची चौकट नको, ही पहिल्या शतकांत शोभली असती अशी भूमिका. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार विरला. त्याच्यावर कुणी टर्टुलियन पाच ग्रंथ घेऊन तुटून पडला नाही. पडला असता तर दरबारात कोण बसायचं, काय ठरायचं, कशावरून खटके उडायचे, हे आज आपल्याला मार्सियनच्या पोथीइतकं तरी ठाऊक असतं.