शांत चौकी

जोधपूरला पोस्टिंग असताना आमची लेक तिसाव्या आठवड्यातच जन्मली. पाचव्या दिवशी ती शांत झोपलेली दिसली. मला बरं वाटलं. सिस्टरने हात लावला, तर अंग गार. मध्येच श्वास थांबत होता. ताप नव्हता, तरी रक्तात जंतुसंसर्ग होता.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "आईच्या अँटिबॉडीज बाळाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात. हिला पुरेशा मिळाल्याच नाहीत. त्यात दाह भडकला, तर स्वतःच्याच फुप्फुसांना, मेंदूला इजा होते."

म्हणजे पहारा तोकडा आणि गोळीबार आपल्याच माणसांवर!

अँटिबायोटिक चालू झालं. आईचं दूध थेंबाथेंबाने. लेक आता शाळेत जाते. पण चौकीवर फार शांतता असली, की मी आजही दोनदा बघतो.