शिवेवरचा किल्ला

मुंबईच्या लोकलमधून जाताना ‘शीव’ स्टेशन तुम्ही पाहिलं असेल. शीव म्हणजे काय, माहीत आहे? शीव म्हणजे गावाची हद्द. मग ही हद्द कुणाची? याचं उत्तर स्टेशनाजवळच्या टेकडीवर उभं आहे. पण मान वर करायला वेळ कुणाला! मी स्वतः रोज तिथे उतरते, पण टेकडी कधी चढले नव्हते.

एका रविवारी मात्र आम्ही शेजारीपाजारी मिळून निघालो. मुलं, आईबाबा, दोन आजोबा आणि डबाभर दडपे पोहे! पायथ्याच्या नेहरू उद्यानातून चढलो आणि बघता बघता किल्ल्यात पोचलो.

१६६९ ते १६७७ या काळात, जेराल्ड ऑंजियर मुंबईचा गव्हर्नर असताना, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने हा किल्ला बांधला. अलीकडे इंग्रजांचं परळ बेट, खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत मुसंडी मारली. मग इथल्या पहारेकऱ्यांची झोप नक्कीच उडाली असेल! आज वरून दिसतात त्या इमारतीच इमारती. हद्द कुठली, ते शोधूनही सापडत नाही.

आणि भिंतींवर? नावंच नावं! बदाम, बाण, तारखा. मी लगेच मुलांना गोळा केलं आणि भाषण सुरू केलं, “अशी नावं कोण कोरतं रे?”

मागून एका मुलीचे बाबा हळूच म्हणाले, “बाई, यातलं एक माझं आहे. नववीत होतो. करकटकाने कोरलं होतं.”

माझं भाषण तिथेच थांबलं. त्यांची मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, “बाबा, खरवडून टाकू या?”

“नको गं,” मी म्हटलं, “खरवडलं तर दगडाला आणखी इजा होते. ते काम जाणकारांचं.”

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पोह्यांच्या सामानातली रिकामी पिशवी घेतली आणि वेफर्सचे कागद, बाटल्या वेचायला लागले. मुलीने पुढे होऊन पिशवीचं तोंड धरलं. मग आम्ही सगळेच वाकलो. उतरताना चार पिशव्या भरल्या होत्या.

मुलांनो, चूक भरून निघाली का? नाही. नाव अजून तिथेच आहे. पण चारचौघांत, लेकीसमोर “हे माझं” म्हणायला धीर लागतो. मला तो धडा त्या दिवशी मिळाला.

तुमच्याही गावात अशी एखादी विसरलेली टेकडी असेल. आईबाबांना घेऊन जरूर जा. कंपासपेटी मात्र घरीच ठेवा हं!