बाबांचं सीलँड

भारतीय नौदलाचं पहिलं विमान कुठलं, हे आमच्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. शॉर्ट सीलँड. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्सची ही उडती बोट पाण्यावर उतरायची आणि चाकं बाहेर काढून धावपट्टीवरही टेकायची. जगात एकूण २५ बनली, त्यातली १० आपल्या नौदलाने घेतली. १९५३ साली ती कोचीला येऊ लागली. त्याच वर्षी ११ मे रोजी तिथे आयएनएस गरुड हा हवाई तळ सुरू झाला. पुढे बाबा तिथे मेकॅनिक म्हणून रुजू झाले.

लोकांना विमानवाहू विक्रांतवरची सी हॉक लढाऊ विमानं आठवतात. सीलँडच्या वाट्याला तसलं काही आलं नाही. माणसं ने-आण करायची, युद्धनौकांच्या सरावाला हाताशी राहायचं. १९५९मध्ये ५५० स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्यात फायरफ्लाय आणि एचटी-२ विमानांसोबत सीलँडही होती.

बाबांच्या आठवणीत मात्र सगळी धुलाईच. पाण्यातून वर आलं की विमान आधी गोड्या पाण्याने धुवायचं. चाकांच्या खोबणी, बिजागऱ्या, रिव्हेटच्या रांगा. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली की समजायचं, खाऱ्या पाण्याने काम सुरू केलंय. आता आम्ही राहतो त्या वसईच्या एव्हरशाईन सिटीत पाणी टँकरचं, तरी बाबा गॅलरीचं ग्रिल ओल्या फडक्याने पुसतात. "अहो, ते विमान नाही!" आई आतून ओरडते.

गेल्या हिवाळ्यात त्यांना वसई रोडहून गाडीने गोव्याला नेलं. बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात एक सीलँड जपून ठेवलंय. गर्दी होती ती अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनभोवती. बाबा थेट सीलँडच्या पोटाखाली वाकले. तिथे आडवी पायरी आहे. ती नसेल तर पाणी पोटाला धरून ठेवतं, वेग कितीही घ्या, बोट सुटत नाही.

शाळेच्या सहलीतल्या एका मुलाने विचारलं, "आजोबा, याने किती विमानं पाडली?"

"एकही नाही."

पोरगा सी हॅरियरकडे पळाला. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. इंजिनं एवढ्या उंचावर का बसवली, ते मला सांगत होते: धावताना उसळलेलं पाणी पंख्यात गेलं, तर पात्यांच्या कडा झिजतात.