अर्ध्या तासाचा एक निरोप

१३६ किलोहर्ट्झवर हौशी रेडिओवाल्याच्या कानांना फारसं काम उरत नाही. हेडफोन लावा, आवाज वाढवा, ऐकू येते ती नुसती खरखर, आणि दूर कुठे वीज पडली की तिची कडकड. त्या खरखरीत फ्रान्समधलं एखादं स्टेशन आपली कॉलसाइन पाठवत असेलही, पण ते कळायला कॉम्प्युटरच लागतो. मग कॉम्प्युटरने किती करायचं आणि आपण किती, हा प्रश्न येतो. या छंदातले निम्मे वाद त्यावरच होतात आणि मीही त्यात एका बाजूला उभी आहे.

पट्टा चिमूटभर आहे, १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ. एका माणसाचं साधं बोलणंही त्यात धड मावत नाही. ब्रिटनमध्ये तो १९९८ पासून मिळाला. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली, तीही दुय्यम हक्काने आणि अँटेनातून १ वॅटपेक्षा जास्त बाहेर पडू द्यायचं नाही या अटीवर. खरं तर हौशी मंडळी लांब लहरींच्या या बाजूला परत आली आहेत. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने त्यांना २०० मीटरच्या खाली हाकललं, कारण त्या आखूड लहरी कुणाच्या कामाच्या नाहीत असा समज होता. तिथे जाऊन यांनी समुद्रापार बोलून दाखवलं, मग सरकारं आणि मोठ्या कंपन्या मागोमाग हजर झाल्या.

मी मूळची दौंडची आणि आता राहते लिंकनशरमध्ये. १९२७ साली इंग्लंड आणि भारत यांच्यात बीम वायरलेस सुरू झाली, तेव्हा आपल्याकडून संदेश निघायचे खडकीहून आणि विलायतेचे उतरायचे दौंडला. इकडची दोन टोकं ग्रिम्सबी आणि स्केगनेसजवळ होती, म्हणजे माझ्या आताच्या घरापासून गाडीने सहज जाता येईल अशी. ती सेवा लघुलहरींवर होती आणि ती इतकी स्वस्त पडली की साम्राज्यभर दीर्घलहरींची अवाढव्य केंद्रं उभारायचा बेत मागे पडला. माझ्या गावाने ज्या लहरी मोडीत काढायला हातभार लावला, त्यांच्याच नादी मी इथे परसात लागले आहे.

त्या मोडीत निघाल्या त्याला कारणही होतं. १३७ किलोहर्ट्झची लहर सुमारे २,१९० मीटर लांब. पाव लहरीचा खांब उभारायचा म्हटलं तर साडेपाचशे मीटर. माझ्याकडे आहे फायबरग्लासची १० मीटरची काठी आणि तिच्या टोकापासून कुंपणापर्यंत ताणलेली आडवी तार. अशा अँटेनाचा उत्सर्जनाचा रोध भरतो ओहमच्या हजार भागांतले तीस-पस्तीस भाग. जमिनीतला आणि कॉइलमधला तोटा मात्र पन्नास-साठ ओहम. १०० वॅट आत घातले तर पन्नासेक मिलिवॅट आकाशात जातात, बाकीच्यांनी लिंकनशरची माती तापते.

एवढ्या तोकड्या तारेला सुरात आणायला साडेचार मिलिहेन्रीची कॉइल लागते. माझी कॉइल कचऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिंपावर गुंडाळलेली आहे आणि तिच्या पोटात दुसरी लहान कॉइल टांगली आहे, ती दोरीने फिरवता येते. तारेत सव्वा अँपियर जायला लागला की वरच्या टोकाला पाच हजार व्होल्ट चढतात, म्हणून कामाच्या वेळी शेडचं दार बंद. पाऊस सुरू झाला की अँपमीटरचा काटा खाली यायला लागतो. तार ओली झाली, तिची धारकता वाढली, सूर घसरला. मग बाहेरूनच दोरी बोटभर ओढायची, काटा वर चढतो तिथे थांबायचं, आणि पाऊस उघडला की पुन्हा सैल सोडायची. हे काम मोटर लावून कॉम्प्युटरकडे देता येतं आणि पुष्कळजण देतात. मी दिलेलं नाही, द्यायचंही नाही.

शक्ती वाढवायची सोय नाही, म्हणजे हाताशी राहतो फक्त वेळ. मॉर्सचा एक ठिपका नेहमीच्या वेगात सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. तोच ३ सेकंद धरून ठेवला तर ऐकणाऱ्याला आपली वारंवारतेची खिडकी तीसपट अरुंद करता येते, गोंगाट तीसपट कमी आत येतो आणि १ वॅटची किंमत ३० वॅट होते. ६० सेकंदांचा ठिपका केला की सहाशेपट. मात्र तेव्हा नुसती कॉलसाइन पाठवायला तासभर लागतो. हर्ट्झच्या साठाव्या भागाएवढी अरुंद खिडकी रेडिओच्या फिल्टरने होत नाही. ती साउंडकार्ड आणि गणितानेच होते: आवाजाचे नमुने मिनिटभर साठवायचे आणि मग त्यांत कुठल्या वारंवारतेचा किती अंश आहे ते काढायचं.

ते काढून पडद्यावर रंगवणारे दोन प्रोग्राम या पट्ट्यावर रुजले. एक आर्गो, इटलीतल्या हौशी मंडळींचा, जवळजवळ बटणंच नसलेला. दुसरा स्पेक्ट्रम लॅब, वोल्फगांग ब्यूशर या जर्मन हौशी रेडिओवाल्याचा. त्यात बटणं इतकी की अर्धी कशासाठी आहेत हे मी अजून विचारलेलं नाही. दोन्ही निकाल देत नाहीत, चित्र काढून देतात आणि वाचायचं काम तुमच्यावर सोडतात. एक बारीक रेघ उमटते, थोडी मोकळी जागा, मग लांब रेघ. पुढचा तुकडा विजेच्या उभ्या फटकाऱ्याने खाल्लेला. तिथे दांडी होती की दोन ठिपके, हे आधीच्या-नंतरच्या अक्षरांवरून ठरवायचं, आणि खात्री नसेल तर तीच कॉलसाइन पुन्हा येण्याची वाट पाहायची.

दुसरी तऱ्हा जो टेलर यांची. हे तेच टेलर, ज्यांना १९९३ साली रसेल हल्स यांच्याबरोबर जोड-पल्सारच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. २००८ मध्ये त्यांनी डब्ल्यूएसपीआर आणलं. कॉलसाइन, ठिकाण आणि शक्ती मिळून ५० बिटांचा निरोप, तो १६२ चिन्हांत पसरून जवळजवळ दोन मिनिटांत पाठवायचा. गोंगाट संकेताच्या हजारपट असला तरी तो उकलतो. २०२१ पासून डब्ल्यूएसजेटी-एक्स या त्यांच्या प्रोग्राममध्ये खास खालच्या पट्ट्यांसाठी एफएसटी४डब्ल्यू आलं. त्याच्या सर्वांत संथ प्रकारात तोच ५० बिटांचा निरोप अर्धा तास चालतो. एकेक चिन्ह ११.२ सेकंदांचं, दोन सुरांमधलं अंतर ०.०८९ हर्ट्झ, आणि गोंगाट तीस हजारपट असला तरी चालतो.

एवढ्या बारीक अंतरात सूर स्थिर ठेवता येणं हाच या पट्ट्याचा फायदा. दहा लाखांत एक भाग एवढी चूक १४ मेगाहर्ट्झवर १४ हर्ट्झ होते, इथे ती ०.१४ हर्ट्झच राहते. वरच्या पट्ट्यांवर आयनमंडलाच्या हालचालीनेही सूर पसरतो, इथे तो फार कमी पसरतो. तरी स्वस्त साउंडकार्डाचा स्फटिक खोली तापली की सरकतो. स्पेक्ट्रम लॅब त्याला मेनफ्लिंगेनच्या ७७.५ किलोहर्ट्झवरच्या वेळ-स्टेशनशी किंवा जीपीएसच्या दर सेकंदाच्या टिकटिकीशी ताडून सुधारत राहतं. ही एक सोय मला बाकीच्या सगळ्या बटणांपेक्षा मोलाची वाटते.

आता माझी बाजू. असे निरोप आपोआप उकलणारा डीकोडर वापरू नका असं मी म्हणत नाही. मी रात्रभर लावून झोपते. पण डीकोडर फक्त हो किंवा नाही सांगतो, आणि नाही म्हणाला तर का नाही ते सांगत नाही. एका हिवाळ्यात संध्याकाळी सहानंतर माझ्या पडद्यावर एकही निरोप उकलेना. वारंवारता बरोबर, घड्याळ बरोबर, काटा जागेवर. शेजारी चालू असलेल्या चित्रात मात्र एक जाडसर धूसर फराटा दिसत होता. आधी झरझर, मग हळूहळू वर सरकणारा, आणि अर्ध्या तासाने पट्ट्याच्या बरोबर मध्ये येऊन बसणारा. सरकत सरकत स्थिरावणारा गोंगाट म्हणजे काहीतरी तापत जाऊन एका तापमानाला टेकतंय. ते होतं आमच्याच स्वयंपाकघरातल्या एलईडी पट्टीचं अडॅप्टर. मी ते काढलं, तर आतून हाक आली, “अगं, भाजी दिसू तरी दे!” अडॅप्टर बदललं आणि त्याच रात्री निरोप पुन्हा उकलू लागले.

उलटही होतं. डब्ल्यूएसपीआरमध्ये तपासणीचे वेगळे बिट नाहीत, त्यामुळे कधीतरी निव्वळ गोंगाटातून एखादी चमत्कारिक कॉलसाइन उकलून समोर येते आणि नकाशावर बघावं तर स्टेशन भर समुद्रात. एफएसटी४डब्ल्यूमध्ये तपासणीला २४ बिट दिल्यामुळे हे जवळजवळ थांबलं. तरी पाहिलेल्या रेघेवर माझा भरवसा जास्त आहे, कारण ती खोटी असेल तर बहुतेक वेळा कशामुळे हेही तिच्यातच दिसतं.

म्हणून कुणी नवखं विचारलं तर मी डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या आधी स्पेक्ट्रम लॅब उघडायला सांगते. भारतातही सुरुवात करायला रेडिओ घ्यावा लागत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारं साउंडकार्ड २४ किलोहर्ट्झपर्यंतचे रेडिओ संकेत थेट पकडू शकतं, आणि तमिळनाडूत विजयनारायणम् इथलं आपल्या नौदलाचं स्टेशन १८.२ किलोहर्ट्झवर चालतं. लाकडी चौकटीवर इनॅमलच्या तारेचे शंभरेक वेढे घ्या, दोन टोकं साउंडकार्डाच्या इनपुटला जोडा आणि चौकट फिरवत पडद्याकडे बघा. ती रेघ सापडली की दिवसा तिची उंची नोंदवत राहा; सूर्यावर मोठी ज्वाला उसळली तर ती उंची काही मिनिटांत बदलते. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालवा आणि चार्जर भिंतीतून काढून ठेवा, कारण पहिला गोंगाट त्याचाच असतो.